यशाचा लिलाव

कलाशिक्षणाची जाहिरात करताना ‘यशस्वी माजी विद्यार्थी’ पुढे करण्याची आपल्याकडे प्रथा आहे. हे यश मोजतात कशाने? बहुधा लिलावातील बोलीने. वासुदेव गायतोंडे यांनी १९४८ साली जे. जे. स्कूल ऑफ आर्टची पदविका घेतली. त्यांचे एक चित्र डिसेंबर २०१३ मध्ये मुंबईच्या लिलावात सुमारे २३ कोटी ७० लाख रुपयांना गेले. गायतोंडे मात्र २००१ मध्येच निवर्तले होते. मग ही रक्कम कोणाच्या कारकिर्दीचा पुरावा? चित्रकाराच्या की संग्राहकाच्या?

पालकांना पोटापाण्याची हमी हवी असते, हा युक्तिवाद मान्य. पण मग खरे काय ते सांगा. जे. जे.चेच प्रभाकर बरवे अनेक वर्षे विणकर सेवा केंद्रात नोकरी करीत होते. कापडाचे संकल्पन हा त्यांचा चरितार्थ होता. चित्रे आणि ‘कोरा कॅनव्हास’सारखा मराठी कलाविचाराला समृद्ध करणारा ग्रंथ त्या चरितार्थाच्या सोबतीने आकारास आला. अशी दुहेरी वाट तरुणांना दाखवण्याची लाज का वाटावी?

आणि गावोगावच्या शाळांत एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षांची तयारी करून घेणारे चित्रकला शिक्षक? महाराष्ट्राच्या पिढ्यांना रेषा पाहायला त्यांनी शिकवले. या यादीत त्यांना जागा नसेल, तर ती कलाशिक्षणाची यादी नव्हे. बाजाराची वही आहे.