मणक्यातले सिमेंट

काटेवाडीत तुकोबांच्या पालखीभोवती मेंढ्यांचे रिंगण पाहायला आलेल्या कितीतरी आजीबाई कमरेत वाकलेल्या असतात. घरचे म्हणतात, वय झालं. हंडा उचलताना कळ आली, उसण म्हणून मलम चोळले, एक्स-रे राहिलाच. ठिसूळ मणका असाच दबतो.

अशा दबलेल्या मणक्याला आधार द्यायला त्यात सिमेंट भरतात. १९८४मध्ये फ्रान्समध्ये मणक्यात प्रथम सिमेंट भरले गेले. २००९च्या दोन चाचण्यांत मात्र ते लुटुपुटीच्या शस्त्रक्रियेहून सरस ठरले नाही. तेव्हा सरसकट सिमेंट नको. मणका अस्थिर असेल, मज्जारज्जू दबत असेल, तर स्क्रू लागतात. भुसभुशीत हाडात ते ढिले पडू नयेत म्हणून सिमेंटची जोड. ते झिरपून फुप्फुसात जाऊ शकते, हे नातेवाइकांना आधी सांगावे. आणि डिस्चार्ज कार्डावर हाडे बळकट करणारे औषध हवेच. बारामतीच्या सरकारी वैद्यकीय महाविद्यालयाने गावोगावच्या आशा सेविकांना वृद्धांची न थांबणारी पाठदुखी ओळखायला शिकवावे.