टॉवरच्या लहरी आणि ग्रामसभेचा ठराव

टॉवर येणार म्हटलं की पाड्यावर दोन बोलणी एकदम सुरू होतात. कुणी म्हणतं, रेंज येईल, रेशनच्या मशीनवर अंगठा लागेल, 108 ची गाडी बोलावता येईल. कुणी म्हणतं, लहरींनी आग्या मोहोळं उठून जातील. दोन्ही काळज्या खऱ्या आहेत. पण ठरावात काय लिहायचं ते आपण नीट ठरवू या.

या लहरी मायक्रोवेव्ह जातीच्या. जोर मोठा असला तर अंग तापतं, हे पक्कं. कमी जोराच्या लहरी वर्षानुवर्षं अंगावर आल्या तर काय होतं, यावर शास्त्रज्ञांचं एकमत नाही. 2011 साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने त्यांना 'कर्करोगाची शक्यता' या वर्गात घातलं. शक्यता, खात्री नव्हे. 2010 साली चंदीगडला मधमाशांच्या पेट्यांत मोबाइल ठेवून पाहिले, तेव्हा राणीने अंडी कमी घातली. पण पेटीतला फोन वेगळा आणि टेकडीवरचा टॉवर वेगळा. अंतर दुप्पट झालं की जोर चौथाईवर येतो. उलट रेंज कमी असली की कानाला लावलेला फोनच जास्त जोर लावतो, हे कुणी सांगत नाही. आणि मोहोळं कमी व्हायला वणवे आहेत, तोडलेली झाडं आहेत, फवारणीची औषधं आहेत.

'टॉवरने माशा मेल्या' एवढंच लिहून दिलं तर साहेब पुरावा मागणार आणि जमिनीचा प्रश्न बाजूला पडणार. मात्र 'काही धोका नाही' असं साहेबांनी म्हटलं तर आपणही विचारायचं, मग 1 सप्टेंबर 2012 पासून सरकारने लहरींची मर्यादा आंतरराष्ट्रीय मर्यादेच्या दहाव्या हिश्शावर का आणली?

आता जमिनीचं. वनहक्क कायद्याच्या कलम 3(2) मध्ये जंगलजमीन द्यायच्या सोयींची यादी आहे. त्यात दूरसंचाराच्या लाईनी आहेत, पण त्या सरकारने चालवलेल्या सोयी हव्यात. जागा 1 हेक्टरपेक्षा कमी, झाडं हेक्टरी 75 पेक्षा जास्त तोडायची नाहीत, आणि ग्रामसभेची शिफारस पाहिजे. कंपनीचा टॉवर यात कसा बसतो, ते लेखी मागा. भाडं कुणाला, दाव्यातल्या प्लॉटावर खांब येतो का, जनरेटर कुठे बसणार, हेही ठरावात घाला.

लहरींची मोजणी दूरसंचार विभागाकडे शुल्क भरून मागता येते. ते शुल्क कंपनीने भरावं आणि टॉवर सुरू झाल्यावर मोजणी गावासमोर व्हावी, ही अट आधीच लिहा. तोवर कोऱ्या कागदावर सही-अंगठा द्यायचा नाही, सरपंचानेसुद्धा नाही.