वाळवंटातली नदी पायी मोजणारी माणसं आणि कायद्याला न दिसणारं पाणी

अमेरिकेच्या अ‍ॅरिझोना राज्यात जूनचा तिसरा आठवडा म्हणजे वर्षातला सगळ्यात कोरडा काळ. पाऊस जुलैत येतो, आणि गंमत म्हणजे तिथेही त्याला मान्सूनच म्हणतात. तो यायच्या आधीच्या एका शनिवारी स्वयंसेवक हातात जीपीएस घेऊन सॅन पेड्रो नदीच्या पात्रात उतरतात. कुणी चालत, कुणी घोड्यावर. काम साधंच आहे. पाणी कुठे सुरू होतं आणि कुठे संपतं, तेवढं लिहून घ्यायचं. नेचर कॉन्झर्व्हन्सी या संस्थेच्या पुढाकाराने १९९९ पासून हा नेम चालू आहे. पुढे मेक्सिकोच्या हद्दीतले लोकही त्यात आले.

ही नदी मेक्सिकोच्या सोनोरा प्रांतात उगम पावते, सीमा ओलांडून उत्तरेला जाते आणि सुमारे २३० किलोमीटर वाहून गिला नदीला मिळते. तिच्यावर मोठं धरण नाही. वाळवंटी मुलखात ही दुर्मीळ गोष्ट आहे. काठाला कॉटनवूड आणि विलोची झाडी असल्याने साडेतीनशेच्या आसपास जातींचे पक्षी इथे दिसतात, त्यातले बरेच स्थलांतराच्या वाटेवर उतरणारे. अमेरिकी संसदेने १९८८ मध्ये इथली सुमारे ५७ हजार एकर जमीन राखीव केली. ‘फ्रेंड्स ऑफ द सॅन पेड्रो रिव्हर’ हा स्थानिकांचा गट त्याच्याही आधी, १९८७ मध्ये उभा राहिला होता. सिएरा व्हिस्टा गावाजवळच्या जुन्या रँच घरातलं पुस्तकांचं दुकान हेच लोक चालवतात आणि पाहुण्यांना पायी नदी दाखवतात.

पण खरा प्रश्न नदीच्या पात्रात नाही, तो बोअरवेलमध्ये आहे. उन्हाळ्यात नदीला पाणी येतं ते भूजलातून. आजूबाजूला सिएरा व्हिस्टा शहर, फोर्ट वाचुका ही लष्करी छावणी, शेती आणि नवी घरं. सगळे जमिनीखालचंच पाणी उपसतात. जमेपेक्षा खर्च जास्त, असा हा सरळ हिशेब. जुलै २००५ मध्ये चार्ल्सटनच्या मापन केंद्रावर प्रवाह शून्यावर आला. तिथल्या नोंदींत असं पहिल्यांदाच घडलं.

अ‍ॅरिझोनाचा कायदा मात्र नदीचं पाणी आणि भूजल ही दोन वेगळी खाती धरतो. १९८० च्या भूजल कायद्याचे कडक नियम काही ठरावीक पट्ट्यांनाच लागू आहेत. वरच्या सॅन पेड्रो खोऱ्याला त्या यादीत घ्यायचं नाही, असं राज्याच्या जलखात्याने २००५ मध्येच ठरवलं. म्हणजे पात्रातून थेट पाणी उचलायला हक्क दाखवावा लागतो, पण थोडं बाजूला बोअर मारून तेच पाणी ओढलं तर सहसा कुणी विचारत नाही. आपल्याकडेही भूजल जमीनमालकाचंच, अशी समजूत आणि कायद्याची जुनी चौकट असल्याने ही भानगड सीमाभागातल्या वाचकाला नवी वाटणार नाही.

स्वयंसेवकांच्या नोंदींची किंमत इथे कळते. एखाद्या वर्षीच्या फोटोवरून कुणी म्हणेल, दुष्काळ होता. वीस-पंचवीस वर्षांच्या नोंदी हातात असल्या की कुठला टप्पा कधीच आटत नाही, कुठला दरवर्षी आक्रसतोय, हे दाखवता येतं. पाणी जिरवण्याचे प्रकल्प कुठे घ्यायचे, बांधकाम थांबवायला कुठली जमीन विकत घ्यायची, हे ठरवायला त्या कामी येतात. लष्करी छावणीनेही आपला उपसा बराच कमी केलाय. तरी २०११ पर्यंत उपसा आणि भरणा यांचा मेळ बसवायचं संसदेने घातलेलं उद्दिष्ट गाठता आलं नाही. मोजणाऱ्यांनी मोजावं किती? बोअरवर मर्यादा घालण्याचा अधिकार त्यांच्याकडे नाही, आणि ज्यांच्याकडे आहे त्यांना तो वापरायचा नाही.

वन्यजीवांचंही तसंच. एकोणिसाव्या शतकात कातड्यासाठी मारून संपवलेले बीव्हर १९९९ पासून पुन्हा सोडले गेले. हा प्राणी झाडं पाडून बांध घालतो, पाणी अडवतो, जिरवतो. आता सीमेच्या दोन्ही बाजूंचे स्वयंसेवक त्यांच्या खुणा मोजतात. मात्र याच नदीवर २०२० मध्ये अमेरिकेने पोलादी सीमाभिंत उभारली. पुरात वाहून येणारा पाला-लाकूड अडू नये म्हणून पावसाळ्यात तिची फाटकं उघडावी लागतात. मोठ्या जनावरांना मात्र एरवी तो रस्ता बंद.

न्यायालयाचा अनुभव संमिश्र. २०१८ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सिएरा व्हिस्टातल्या सुमारे ७ हजार घरांच्या प्रकल्पाबाबत सांगितलं की, केंद्राचा नदीवरचा हक्क आकड्यात ठरलेला नसल्याने परवानगी देताना तो विचारात घेणं जलखात्याला बंधनकारक नाही. २०२३ मध्ये मॅरिकोपा काउंटीच्या न्यायालयाने तो हक्क आकड्यात मांडला, त्यात भूजलाची पातळीही धरली. पण हक्काची तारीख १९८८ ची. त्याआधीचे हक्कदार रांगेत पुढे. आणि गिला खोऱ्यातल्या सगळ्यांचे हक्क ठरवणारा मूळ दावा १९७४ पासून चालू आहे, अजून निकाली निघालेला नाही.