नाव घेतले, तिजोरी विसरलो

न्यूयॉर्क राज्यातील एखादा विद्यार्थी शेजारच्या काउंटीच्या (म्हणजे साधारण आपल्या जिल्ह्याच्या) कम्युनिटी कॉलेजात शिकू लागला, तर त्याला स्वतःच्या काउंटीकडून रहिवासाचा दाखला न्यावा लागतो. त्या दाखल्याच्या आधारे महाविद्यालय खर्चातील स्थानिक वाटा त्याच्या मूळ काउंटीकडून वसूल करते. दाखला नसेल तर शुल्क दुपटीपर्यंत जाते.

हा काटेकोरपणा कारकुनी नव्हे. १९४८ च्या कायद्याने उभ्या राहिलेल्या या महाविद्यालयांच्या खर्चाचे मूळ सूत्र तीन वाटेकऱ्यांचे आहे : राज्य, काउंटी आणि विद्यार्थी. विश्वस्त मंडळ अंदाजपत्रक तयार करते. आर्थिक वर्ष १ सप्टेंबरला सुरू होत असल्याने ते त्यापूर्वीच काउंटीच्या निर्वाचित सभेपुढे जाते, त्यावर जाहीर सुनावणी होते आणि करदाता उभा राहून प्रश्न विचारू शकतो. सभेच्या संमतीनंतर राज्य विद्यापीठाची मान्यता. व्यवस्था निर्दोष नाही. अनेक ठिकाणी काउंट्यांनी हात आखडता घेतला आणि विद्यार्थ्याचा भार तिसऱ्या हिश्श्याच्या वर गेला. पण हात कोणी आखडला, हे तेथे चव्हाट्यावर कळते!

आपण काय केले? २०१३ च्या सुमारास विद्यापीठ अनुदान आयोगाने कम्युनिटी कॉलेजची योजना आणली. निधी दिल्लीहून निघाला आणि विद्यमान महाविद्यालयांच्या खात्यात जमा झाला. ज्या 'कम्युनिटी'चे नाव पाटीवर लागले, तिच्या जिल्हा परिषदेला वा नगरपालिकेला त्या अंदाजपत्रकावर बोट ठेवण्याचाही अधिकार नव्हता. अनुकरणच करायचे, तर पाटीचे तेवढे का?

यावर सुशिक्षितांचा ठरलेला आक्षेप येतो, की नगरसेवकांच्या हाती महाविद्यालय दिले तर वाटोळे होईल. न्यूयॉर्कमध्ये सभा मुख्यतः एकूण रकमेवर निर्णय देते. त्या रकमेतून कारभार चालवणे विश्वस्तांचे काम. शिवाय राजकारणी आज शिक्षणसंस्थांत नाहीत, असे कोणी छातीठोकपणे म्हणेल काय? ते आहेतच, फक्त बंद दाराआड.

आणि स्थानिक संस्थेला महाविद्यालय झेपत नाही, हेही खोटे. परळचे शेठ गोर्धनदास सुंदरदास वैद्यकीय महाविद्यालय मुंबई महापालिका १९२६ पासून चालवीत आहे. मुंबईकरांच्या करातून तेथे डॉक्टरांच्या पिढ्या घडल्या. पण मार्च २०२२ मध्ये सभागृहाची मुदत संपली, निवडणुका रखडल्या, आणि २०२३-२४, २०२४-२५, २०२५-२६ अशी सलग तीन अंदाजपत्रके प्रशासकाच्याच राजवटीत तयार झाली आणि प्रशासकानेच मंजूर केली. स्थायी समिती नाही, सभागृहातील चर्चा नाही. कर मात्र नियमित वसूल झाला. त्या तीन वर्षांत वैद्यकीय महाविद्यालयांच्या तरतुदींवर एकाही निर्वाचित सदस्याला उपसूचना मांडता आली नाही, आणि याबद्दल मुंबईच्या मध्यमवर्गाने एक सभाही भरवल्याचे आम्हांस स्मरत नाही.