जेवणाचा अर्धा तास

दुपारी एक ते दोनच्या दरम्यान सरकारी कचेरीत काम घेऊन जाऊ नये, हे शहाणपण आपल्याकडे बापाकडून मुलाकडे चालत आले आहे. गेलेच, तर खिडकी बंद असते. खुर्चीच्या पाठीवर साहेबांची पिशवी लटकत असते आणि साहेब नसतात. शेजारच्या टेबलावरचे गृहस्थ तोंडातला घास सांभाळीत हाताने ‘दोननंतर’ अशी खूण करतात. आपण बाकावर बसतो, घड्याळाकडे पाहतो आणि या देशाचे काही खरे नाही, असा निष्कर्ष काढतो.

या त्राग्याला राज्य सरकारनेही एकदा कान दिला. 4 जून 2019 रोजी एक परिपत्रक निघाले. जेवणाची सुट्टी दुपारी एक ते दोन या वेळात, आणि तीही जास्तीत जास्त अर्धा तास. एका शाखेतल्या सगळ्यांनी एकदम उठून जाऊ नये, असेही त्यात बजावले होते. माझ्या ओळखीच्या निम्म्या घरांत या बातमीने आनंद झाला. उरलेल्या निम्म्या घरांत डबा घेऊन कचेरीला जाणारे कोणी ना कोणी होते. तिथे जरा शांतता होती.

खरे पाहता ही दोन्ही घरे एकच आहेत. खिडकीच्या अलीकडे उभा राहून चिडणारा माणूस उद्या आपल्या कचेरीत खिडकीच्या पलीकडे बसतो आणि घास हातात असताना कोणी हाक मारली की त्याच्याही कपाळाला आठी पडते. म्हणून ‘लोकांची गैरसोय’ आणि ‘नोकरांचे लाड’ अशी या प्रश्नाची वाटणी केलेली मला पटत नाही. कामाच्या दिवसात पोटासाठी आणि पाठीसाठी किती वेळ असावा, आणि तो नक्की कुणाच्या मालकीचा, एवढाच काय तो प्रश्न आहे.

हा अर्धा तास आला कुठून, ते आपण विसरून गेलो आहोत. तो मुंबईच्या गिरणगावातून आला. नारायण मेघाजी लोखंडे हे जोतीरावांच्या सत्यशोधक चळवळीतले कार्यकर्ते, ‘दीनबंधु’चे संपादक, आणि काही काळ स्वतः गिरणीत स्टोअरकीपर होते. त्यांनी 1884 साली गिरणी कामगारांच्या सभा भरवल्या आणि साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचा एक अर्ज तयार केला. त्यातल्या मागण्या आज वाचल्या तर पोटात कालवते. रविवारी सुट्टी द्या. काम सकाळी साडेसहाला सुरू करा आणि सूर्यास्ताला थांबवा. मागच्या महिन्याचा पगार निदान पंधरा तारखेपर्यंत हातात पडू द्या. कामावर अपघात झाला तर भरपाई द्या. आणि दुपारी अर्धा तास सुट्टी द्या!

त्याआधी 1881 चा कारखाना कायदा होता. पण त्याने सात ते बारा वर्षांच्या मुलांना नऊ तासांची मर्यादा आणि तासाभराची विश्रांती दिली होती; मोठ्या माणसांची भूक त्याच्या खिजगणतीतही नव्हती. भाकरी यंत्राशेजारी उभ्याउभ्या खायची, तीही सुताचे तंतू झटकीत. पुढे एप्रिल 1890 मध्ये महालक्ष्मीच्या मैदानावर सुमारे दहा हजार कामगार जमले आणि त्या सभेत दोन कामकरी स्त्रियाही बोलल्या. जूनमध्ये गिरणीमालकांनी रविवार मान्य केला. 1891 च्या कायद्यात दुपारी बारा ते दोनच्या दरम्यान अर्धा तास काम थांबवण्याची तरतूद झाली.

आता 1891 च्या कायद्यातले आणि 2019 च्या परिपत्रकातले शब्द शेजारी शेजारी ठेवून पाहा. अर्धा तास तेव्हाही होता, अर्धाच तास आताही आहे. मधल्या काळात शहर विरार आणि कर्जतपर्यंत पसरले, घरून कचेरीला पोचायला दीड-दोन तास लागू लागले, घरातली बाईही नोकरीला जाऊ लागली. पण हा अर्धा तास एका मिनिटानेही वाढला नाही. फेब्रुवारी 2020 अखेर राज्य सरकारी कचेऱ्यांना पाच दिवसांचा आठवडा मिळाला, तेव्हा मुंबईत सुटण्याची वेळ साडेपाचवरून सव्वासहावर गेली. दिवस पाऊण तासाने लांबला आणि जेवणाचा वेळ होता तेवढाच राहिला. शनिवार मिळाल्याच्या आनंदात ते कुणाच्या लक्षातही आले नाही.

वाढणे दूरच राहिले, आता तो पुढे सरकतो आहे. 1948 च्या कारखाना कायद्यात असे कलम होते, की सलग पाच तासांपेक्षा जास्त काम घ्यायचे नाही. मध्ये निदान अर्ध्या तासाची विश्रांती हवी. सप्टेंबर 2025 मध्ये राज्याच्या मंत्रिमंडळाने कामाच्या तासांचे नियम बदलण्याला मान्यता दिली. कारखान्यातला दिवस नऊ तासांवरून बारापर्यंत नेता यावा आणि विश्रांती पाचाऐवजी सहा तासांनंतर द्यावी, असे त्यात होते. गुंतवणूक यावी, काम वाढावे, जादा तासांचे जादा पैसे मिळावेत, हा हेतू सांगितला गेला. बारा तासांवर वर्तमानपत्रांतून बरेच लिहून आले. त्या पाचाच्या सहावर मात्र फारसे कोणी बोलले नाही. ‘एका तासाने काय होते?’ असे वाटले असावे.

एका तासाने काय होते, ते पहाटे पाचला उठणाऱ्या बाईला विचारावे. कायद्याचे घड्याळ कामावर हजेरी लागली की चालू होते. पोटाचे घड्याळ त्याआधीच चालू झालेले असते. ती पाचला उठते, दोन डबे भरते, सातला उभ्याने चहा आणि अर्धी पोळी खाते, गाडीत लोंबकळत नऊला कामावर पोचते. पाच तासांच्या नियमानेसुद्धा तिला दोनपर्यंत उपाशी ठेवता येते. सहाच्या नियमाने तीन वाजतात. म्हणजे सातच्या अर्ध्या पोळीवर आठ तास. मधुमेहाची गोळी घेणाऱ्या माणसाला हे गणित समजावून सांगावे लागत नाही. प्रत्येक मालक तीनपर्यंत थांबवीलच असे नाही, हे मला मान्य आहे. पण कायदा चांगल्या मालकासाठी करायचा नसतो.

कारखान्याचे काही असो, तिथे निदान भोंगा तरी होता. भोंगा झाला की यंत्र थांबे, आणि यंत्र थांबले की माणूस सुटे. ‘सुट्टी’ या शब्दात सुटणे आहे, हे मी दरवर्षी पहिल्या वर्षाच्या वर्गाला सांगते. आजच्या खासगी कचेऱ्यांत तिला ‘ब्रेक’ म्हणतात. आणि ब्रेक हा गाडी चालू ठेवूनच लावायचा असतो, हे त्या शब्दाचे सामर्थ्य म्हणावे लागेल.

आमच्या वन्सं अंधेरीच्या एका कंपनीत हिशेबाचे काम पाहतात. त्यांच्याकडे जेवणाचा पाऊण तास कागदावर लिहिलेला आहे. मी एकदा म्हटले, “अहो वन्सं, तुमची चैन आहे. आम्हाला दोन तासिकांच्या मध्ये पंधरा मिनिटे मिळतात.” त्या म्हणाल्या, “अगं, पाऊण तास डबा उघडा असतो, एवढेच. एक हात पोळीवर आणि एक हात संगणकावर. साहेबांचा फोन बरोब्बर सव्वाला येतो. मी जेवतेय असे सांगितले की म्हणतात, जेवा जेवा, जेवता जेवता ऐका.” त्या ‘जेवता जेवता ऐका’मध्ये सारे आले. वेळ दिला, पण मालकी सोडली नाही.

दुसरी बाजू मी ऐकलेली नाही असे नाही. आमच्या शेजारी एक छोटे कारखानदार राहतात. ते म्हणतात, “बाई, अर्ध्या तासाचा सव्वा तास होतो. आधी जेवण, मग पान, मग टपरीवर चहा, मग राजकारण.” हे खोटे नाही. प्रत्येक मोठ्या कचेरीखालच्या टपरीला साडेतीन वाजता भेट द्या. आत काम कोण करीत असेल, असा प्रश्न पडेल. पण माझा अनुभव असा, की जिथे सुट्टी पक्की नसते तिथेच ती चोरली जाते. मिळेल की नाही याची खात्री नसली की माणूस मिळेल तेव्हा आणि मिळेल तितकी ओढून घेतो; शाळेत मधली सुट्टी रद्द करून पाहा, पोरे दर तासाला पाणी प्यायला जाऊ लागतील. मुंबईचे डबेवाले 1890 च्या सुमारापासून डबे पोचवीत आले आहेत. महादू हावजी बच्चे यांनी सुरू केलेली ही व्यवस्था इतकी नेमकी चालते याचे एक कारण असे, की डबा उघडण्याची वेळ शहराने ठरवून घेतली होती. ती वेळ सैल झाली की तो गरम डबा टेबलाखाली थंड होत पडतो.

दिवाळीच्या तोंडावर एक गोष्ट बोलायला हवी. ती कचेरीतली नाही, दुकानातली आहे. साडी खरेदीला आपण दुपारी जातो, कारण दुपारी गर्दी कमी असते. म्हणजे नेमक्या त्या मुलींच्या जेवणाच्या वेळी. सकाळी दहापासून रात्री नऊपर्यंत त्या उभ्या असतात. आपल्यासमोर चाळीस साड्या उलगडतात, त्या घडी करून ठेवतात, आणि आपण ‘पुन्हा येते हं’ म्हणून निघतो. त्यांचा डबा जिन्याखालच्या फळीवर असतो. एकीने खायचे तेव्हा दुसरीने तिचे गिऱ्हाईक सांभाळायचे. आणि बसायचे कुठे? 1948 च्या कारखाना कायद्याने उभ्याने काम करणाऱ्यांना बसण्याची सोय देण्याचे कलम घातले होते. दुकानातल्या बायकांसाठी अशी तरतूद करायला केरळला 2018 साल उजाडावे लागले. कोझिकोडच्या मिठाई गल्लीत उभ्या राहून पाय सुजलेल्या बायकांनी त्यासाठी वर्षानुवर्षे आवाज उठवला होता. तामिळनाडूने 2021 साली तसाच कायदा केला. ‘बसण्याचा हक्क’ हे शब्द पहिल्यांदा वाचले तेव्हा हसू आले असेल अशा वाचकांनी एक दिवस बिनबसता काढून पाहावा.

तेव्हा माझे मत विचाराल तर ते असे. अर्ध्या तासाचा पाऊण तास करा असे मी म्हणत नाही. करता आला तर फारच उत्तम. आधी आहे तो अर्धा तास सबंध द्या. डबा उघडल्यापासून तो धुऊन ठेवीपर्यंतचा मोजा. जिना उतरण्याचा आणि हात धुण्याच्या रांगेचा त्यात धरू नका. त्या वेळात फोन, बैठक, ‘जरा एक मिनिट’ नको. पाच तासांचे सहा करू नका; करायचेच तर पाचाचे चार करा. बसायला जागा द्या. आणि खिडकीवर आळीपाळीने माणूस ठेवा, म्हणजे बाहेरच्या बाकावरच्या माणसाचाही दिवस बुडणार नाही. आळीपाळीत एक तोटा आहे, तो लपवीत नाही: एकत्र जेवणे जाते. चौघींचे डबे मध्ये ठेवून एकमेकींच्या भाज्या चाखणे, कुणाच्या सासूबाईंचे दुखणे, कुणाच्या मुलीचे स्थळ, हे सारे त्या अर्ध्या तासातच होत असते आणि पगाराखालोखाल त्याच्यासाठीच कित्येकजणी कामावर येतात. निदान दोघींची पाळी एका वेळी लावावी. मोठ्या कचेरीत ते सहज जमते. तीन माणसांच्या दुकानात जमणार नाही, तिथे अर्धा तास फळी ओढून घ्यावी. पुण्यातली दुकाने दुपारी बंद असतात म्हणून आपण पिढ्यान्‌पिढ्या विनोद करीत आलो. त्या विनोदात दुकानदार आळशी ठरला. तो घरी जाऊन गरम वरणभात जेवून येत होता, एवढेच त्याचे पाप.

आमच्या वन्संनी गेल्या महिन्यात एक उद्योग केला. त्यांच्या खोलीतल्या पाचजणींनी मिळून दारावर कागद लावला: ‘एक ते दीड जेवण. दीडला हजर.’ पहिल्या दिवशी साहेबांचा फोन नेहमीप्रमाणे सव्वाला आला आणि वाजून वाजून बंद झाला. दीडला वन्संनी आपण होऊन फोन केला. साहेबांनी विचारले, “कुठे होता?” वन्सं म्हणाल्या, “जेवत होते.” पलीकडे थोडा वेळ कोणी बोलले नाही. मग साहेबांनी कालच्या बिलाचा आकडा विचारला. कागद अजून दारावर आहे. एक कोपरा सुटला होता, तो परवा कुणीतरी पुन्हा चिकटवला.