पाठ टेकली म्हणून काय झाले?

नसरापूरहून एक आई लिहितात, "मुलगा पहिल्याच कुस्तीत हरला, आता तालीम सोडतो म्हणतो. काय करावे?"

बाई, त्याला खाशाबा जाधवांची गोष्ट सांगा. कराडजवळच्या गोळेश्वरचा हा मल्ल मातीत वाढलेला. १९४८ साली लंडनच्या ऑलिंपिकमध्ये गादीवर, परक्या नियमांनी लढला, सहावा आला. पण खचला नाही. १९५२ साली हेलसिंकीहून कांस्यपदक घेऊनच परतला!

चिरंजीवांना म्हणावे, आधी पडायला शीक, मग पाडायला. दहा डाव अर्धवट येण्यापेक्षा दोन पक्के बरे. नखे काप, मान सांभाळ, दम राखून लढ.

आणि तुम्हीही "का हरलास?" असे विचारू नका. "कुठल्या डावावर?" एवढेच विचारा. उद्या पहाटे तो आपण होऊन तालमीत जाईल.