एकट्याची सफर

मुलगा नोकरीला लागतो, हप्त्यावर मोटारसायकल घेतो आणि एके रात्री जेवताना सांगतो, "अब्बा, चार दिवस एकटाच फिरून येतो." घरात सगळे गप्प होतात. आमच्या गडहिंग्लजसारख्या गावात सफर म्हणजे लग्न, मय्यत, उरूस किंवा उमराह. काही काम नसताना, तेही एकट्याने, घर कशाला सोडायचे, असे आईवडिलांना वाटते.

त्यांची काळजी खोटी नाही. एकट्याने, विशेषतः रात्री, सवारी करण्यापासून हदीसमध्ये सावध केले आहे. आजच्या वाहत्या रस्त्यांवर काही उलेमा यात सवलत मानतात, तरी रात्र टाळावी हे खरेच. दुसरी काळजी कोणी मोठ्याने बोलत नाही. अनोळखी गावात नाव सांगितल्यावर, दाढी पाहिल्यावर समोरचा कसा वागेल? ही भीती आम्हालाही ठाऊक आहे. पण मुलाला घरात बसवून ती जात नाही, उलट वाढते. चहाच्या गाडीवर, पंक्चरच्या दुकानात चार भली माणसे भेटली की ती कमी होते. मित्रांच्या घोळक्यात गेलेला मुलगा मित्रांशीच बोलतो. एकट्याला मात्र परक्यांशी बोलावेच लागते.

इब्न बतूता १३२५ मध्ये टँजिअरहून हजसाठी निघाले, तेव्हा विशीत होते आणि सोबत कोणी नव्हते. आईवडील हयात होते, निरोप जड गेला. ट्युनिस शहरात पोहोचल्यावर लोक काफिल्यातल्या आपापल्या ओळखीच्यांना सलाम करू लागले. यांना कोणीच सलाम केला नाही, तेव्हा त्यांना रडू आले. एका हाजीने ते पाहिले आणि जवळ येऊन धीर दिला. पुढे हाच मुसाफिर दिल्लीत काझी झाला, आपल्या दौलताबाद आणि नंदुरबारपर्यंत येऊन गेला.

आपल्या मुलांना इतके लांब जायला नको. गावाजवळच्या सामानगडापासून सुरुवात करावी. १८४४ चे गडकऱ्यांचे बंड तिथूनच पेटले. मग संकेश्वर, चिकोडी, अथणी करत विजापूर. तिथल्या गोलघुमटाखाली मोहम्मद आदिलशहाची कबर आहे. हे काम १६५६ मध्ये थांबले. घुमटाचा बाहेरचा व्यास सुमारे ४४ मीटर आहे. मुलुख-ए-मैदान तोफ १५४९ मध्ये अहमदनगरला ओतली गेली. याच आदिलशाहीत पहिल्या इब्राहिमच्या काळात जमाखर्चात फारसीच्या जागी मराठी आली. मराठी बोलणाऱ्या मुसलमान मुलाने ही गोष्ट त्या शहरात उभे राहून समजून घ्यावी.

काही हौशी लोक डिकीत गोल्फच्या काठ्या टाकून एकटेच शहरामागून शहर फिरतात. सकाळी खेळ, दुपारी शहर. गोल्फ श्रीमंतांचा खेळ खरा, पण दुसऱ्यांच्या काठ्या वाहणारे दिल्लीचे अली शेर १९९१ मध्ये इंडियन ओपन जिंकले. आपल्याकडे गोल्फचे मैदान नाही, फुटबॉल मात्र गडहिंग्लजच्या रक्तात आहे. मग पिशवीत फुटबॉलचे बूट टाकावेत. परक्या गावच्या मैदानावर संध्याकाळी एक गडी कमी असतोच. अर्धा तास सोबत खेळल्यावर आडनाव कोण विचारतो?

निघण्याआधी काही गोष्टी ठरवाव्यात. आईवडिलांची इजाजत आणि दुआ घ्यावी. मुक्कामाचा पत्ता घरी लिहून ठेवावा आणि मगरिबच्या आत मुक्कामी पोहोचावे. हेल्मेट, लायसन्स, विम्याचा कागद जवळ असावा. हनफी मसलकानुसार साधारण ७८ किलोमीटरपुढच्या सफरीला निघालेला आणि एका ठिकाणी पंधरा दिवसांपेक्षा कमी राहणारा मुसाफिर ठरतो. जोहर, असर आणि इशाच्या चार फर्ज रकातींऐवजी त्याने दोन पढाव्यात. अल्लाहने मुसाफिराला सवलत दिली आहे, यावरूनच सफर हा आयुष्याचा भाग आहे हे कळते. मुलींच्या बाबतीत महरमचा मसला आहे. मग भावाने किंवा वडिलांनी बहिणीला, मुलीला सोबत घेऊन ही शहरे का दाखवू नयेत?

आणि एक काम घरी राहणाऱ्यांचे. जकातीच्या आठ हकदारांत मुसाफिरही आहे. आपल्या मशिदीत पाठीवर पिशवी घेतलेला एखादा अनोळखी तरुण मागच्या सफीत दिसला, तर नमाजनंतर त्याला आधी सलाम करावा, जेवलास का विचारावे. आपला मुलगाही त्याच वेळी कुठल्या तरी गावात अशाच मागच्या सफीत उभा असेल.